विश्लेषण : समुद्रातून थेट ताटात? घरच्या ‘पोके बाऊल’साठी टूना नुसता ताजा असून का भागत नाही?

भातावर कच्च्या टूनाचे लालबुंद चौकोनी तुकडे, त्यावर सोया सॉसची चमक, तीळ आणि कांद्याची पात. ‘पोके बाऊल’ आता मुंबई-पुण्यातल्या कॅफेंच्या मेन्यूकार्डावरही दिसतो. रील्समध्ये तर हवाईतले हौशी मच्छीमार भला मोठा टूना बोटीवर ओढतात आणि पुढच्याच दृश्यात त्याचा बाऊल खाताना दिसतात. ‘एवढे सोपे असेल तर घरीच करू’ असे वाटणे साहजिक आहे. कृती खरोखरच दहा मिनिटांची आहे. मात्र तो बाऊल खाण्याजोगा आहे की नाही, हे त्या दहा मिनिटांच्या बरेच आधी, बोटीवर आणि बर्फाच्या पेटीत ठरलेले असते. रीलमध्ये नेमका तोच भाग कापलेला असतो.

पोके म्हणजे नेमके काय?

हवाईयन भाषेत ‘पोके’ म्हणजे आडवे कापणे, तुकडे करणे. मुळात हे पदार्थाचे नाव नाही, कृतीचे आहे. आपल्याकडे सुरणाची किंवा वांग्याची ‘कापं’ म्हणतात, तसेच काहीसे. हवाई बेटांवरचे मूळ रहिवासी किनाऱ्यालगतच्या प्रवाळखडकांत मिळणारे मासे कापून तीन गोष्टींबरोबर खात. समुद्री मीठ, ‘लिमू’ म्हणजे खाण्याजोगे समुद्री शेवाळ आणि ‘इनामोना’. इनामोना हे कुकुईच्या बिया भाजून, मीठ घालून केलेले कूट. कुकुई हा हवाईचा राज्यवृक्ष. आपल्याकडे त्याला जंगली अक्रोड म्हणतात. या बिया कच्च्या खाल्ल्या तर जुलाब होतात. भाजल्या की खमंग लागतात, पण तरीही चिमूटभरच वापरायच्या.

या यादीत सोया सॉस नाही, तिळाचे तेल नाही, भातही नाही. ते आले उसाच्या मळ्यांबरोबर. एकोणिसाव्या शतकात हवाईतल्या मळ्यांवर आधी चिनी आणि १८८५ पासून मोठ्या संख्येने जपानी मजूर आले. त्यांच्या स्वयंपाकघरातला सोया सॉस, तीळ आणि कच्च्या टूनाची आवड स्थानिक पद्धतीत मिसळली. ‘पोके’ हे पदार्थाचे नाव म्हणून रूढ झाले ते साधारण १९६०-७० च्या दशकांत. म्हणजे आज ज्याला ‘पारंपरिक’ म्हणतात तो सोया सॉसमधला टूना पोके आपल्या वडापावाच्याच वयाचा आहे.

हवाईत आजही पोके सुपरमार्केटच्या काउंटरवर वजनावर मिळतो, आपल्याकडे फरसाण मिळते तसा. घरी पाहुणे आले, समुद्रावर जायचे ठरले, तर अर्धा किलो घेऊन जायचा. भातावर घालून ‘बाउल’ करणे ही नंतरची सोय. २०१० नंतर हा बाऊल अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोहोचला आणि त्यात आंबा, मक्याचे दाणे, मेयोनेज असे काय वाट्टेल ते पडू लागले. २०१८ मध्ये तर शिकागोच्या एका पोके साखळीने आपल्या नावातल्या ‘अलोहा’ आणि ‘पोके’ या शब्दांच्या जोडीवर ट्रेडमार्कचा हक्क सांगत इतर दुकानदारांना वकिलांमार्फत पत्रे पाठवली. त्यांत मूळ हवाईयन कुटुंबेही होती. आपल्याच भाषेतले दोन शब्द आपल्याच पाटीवर लिहायचे नाहीत, यावरून तिथे मोठा संताप उसळला होता.

टूनालाच एवढी काळजी का लागते?

हवाईत ‘अही’ हा शब्द दोन माशांसाठी वापरतात : यलोफिन टूना आणि बिगआय टूना. लहान आकाराच्या स्किपजॅकला तिथे ‘अकू’ म्हणतात. हे सगळे एकाच कुळातले, आणि या कुळाची एक खोड आहे. बहुतेक माशांचे शरीर पाण्याइतकेच थंड असते. टूनाचे नसते.

टूना आयुष्यभर पोहत राहतो. त्याच्या पोहण्याच्या स्नायूंत जी उष्णता तयार होते ती कल्ल्यांतून पाण्यात वाया जाऊ नये म्हणून त्याच्या शरीरात बारीक रक्तवाहिन्यांचे एक जाळे असते. आतून बाहेर जाणारे गरम रक्त शेजारून आत येणाऱ्या थंड रक्ताला उष्णता देऊन पुढे जाते. मेकॅनिकलच्या मुलांना तिसऱ्या वर्षाला जो काउंटरफ्लो हीट एक्स्चेंजर शिकवतात, तो हाच. (टूनाला त्यासाठी व्हायव्हा द्यावी लागली नाही.) यामुळे त्याचे स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम राहू शकतात, आणि म्हणूनच तो इतक्या वेगाने पोहतो.

गळाला लागल्यावर मात्र हीच रचना उलटते. मासा अर्धा-पाऊण तास जिवाच्या आकांताने ओढाताण करतो. स्नायू तापतात, त्यांत लॅक्टिक आम्ल साचते. अशा तापलेल्या अवस्थेत तो मेला आणि तसाच डेकवर पडून राहिला, तर मांसाचा लाल पारदर्शकपणा जातो. ते फिकट, पाणचट आणि आंबूस होते. जपानी व्यापारी याला ‘याके’ म्हणतात, म्हणजे भाजलेला. आगीजवळ न जाताच मासा आतून भाजल्यासारखा होतो. त्याची आमटी होईल, पोके होणार नाही.

हा झाला चवीचा प्रश्न. तब्येतीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे नाव हिस्टामिन.

टूनाच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. माशाच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत काही जिवाणू नैसर्गिकरीत्याच राहतात. मासा मेला आणि गरम राहिला की हे जिवाणू वाढतात आणि हिस्टिडिनचे हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन-एक तासांत चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, तोंडात जळजळ, अंगावर गांधी, छातीत धडधड असा त्रास सुरू होतो. अनेकदा लोकांना वाटते, आपल्याला माशाची ॲलर्जी आहे. प्रत्यक्षात ती विषबाधा असते. हिस्टामिनला ना वास, ना रंग. मासा दिसायला उत्तम, वासाला स्वच्छ आणि तरीही त्यात हिस्टामिन असू शकते. आणि एकदा तयार झाले की ते गोठवून जात नाही, धुऊन जात नाही, शिजवूनही जात नाही. ‘चांगला उकळून घेतला की झाले’ हा आपला नेहमीचा उपाय इथे लागू पडत नाही.

उपाय एकच, ते तयारच होऊ न देणे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हवा किंवा पाणी २८.३ अंश सेल्सिअसपेक्षा गरम असेल तर मासा मेल्यापासून जास्तीत जास्त सहा तासांत बर्फात गेला पाहिजे. ही शेवटची मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे.

किती बर्फ लागतो?

इथे एक छोटा हिशेब करू. २० किलोचा टूना, आतले तापमान ३० अंश. तो शून्यापर्यंत आणायचा आहे. एक किलो मांस एका अंशाने थंड करायला साधारण ३.५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे २० गुणिले ३.५ गुणिले ३०, एकूण २,१०० किलोज्यूल. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. भागाकार केला तर सव्वासहा किलोच्या आसपास बर्फ पुरतो.

हे कागदावर. प्रत्यक्षात पेटी गरम असते, झाकण दर दहा मिनिटांनी कोणीतरी उघडते, वर ऊन असते. म्हणून माशाच्या वजनाइतका तरी बर्फ सोबत हवा, जास्त असेल तर उत्तम. शिवाय नुसत्या बर्फाच्या खड्यांवर मासा ठेवला तर खड्यांमधल्या हवेमुळे तो हळू थंड होतो. बर्फाच्या चुऱ्यात समुद्राचे पाणी घालून दाट रबडी केली, की ती माशाला सगळ्या बाजूंनी चिकटते आणि मिठामुळे तिचे तापमान शून्याच्याही थोडे खाली जाते.

आणखी एक गोष्ट : माशाची जाडी दुप्पट झाली तर त्याचा गाभा थंड व्हायला दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो. बांगडा पटकन थंड होतो. ४० किलोच्या टूनाचा मधला भाग बर्फात बुडवूनही कित्येक तास कोमट राहू शकतो. म्हणून मोठा मासा नुसता बर्फात टाकून भागत नाही, आधी त्याच्यावर काम करावे लागते.

हवाईतले मच्छीमार हे काम कसे करतात?

हवाईत दोन जगे शेजारी शेजारी आहेत. पहिले लहान बोटींचे. हवाई राज्याने १९८० पासून बेटांभोवतीच्या खोल समुद्रात नांगरलेले बोये ठेवले आहेत. तरंगत्या वस्तूभोवती लहान मासे जमतात, त्यांच्यामागे टूना येतो आणि टूनामागे शनिवार-रविवारच्या बोटी. काही पद्धती खूप जुन्या आहेत. चपट्या दगडाभोवती गळ, आमिष आणि चिरलेल्या माशांचा चारा गुंडाळून, सुटणारी गाठ मारून तो खोल सोडतात. हव्या त्या खोलीवर झटका दिला की गाठ सुटते, चारा पसरतो आणि त्यात लपलेला गळ टूनाच्या तोंडाशी येतो. हिलोच्या बाजूला रात्री दिवे लावून ‘इका-शिबी’ची मासेमारी चालते. ‘इका’ म्हणजे माकूळ, ‘शिबी’ म्हणजे टूना, दोन्ही शब्द जपानी. रात्री माकूळ पकडायला गेलेल्यांच्या गळाला टूना लागू लागले, त्यातून ही पद्धत आली.

मासा बोटीवर आला की जाणकार मच्छीमार फोटो नंतर काढतो. आधी डोक्यात नेमक्या जागी टोकदार सळी घालून मेंदू निकामी करतात, म्हणजे तडफड थांबते आणि स्नायू आणखी तापत नाहीत. मग छातीच्या परामागची मोठी रक्तवाहिनी कापून रक्त वाहू देतात. कल्ले आणि पोटातली आतडी काढतात, कारण जिवाणूंचे घर तेच. रिकाम्या पोटात बर्फ भरतात आणि अख्खा मासा बर्फाच्या रबडीत. सरावलेल्या हाताला यासाठी काही मिनिटे पुरतात. पुढचे सगळे या मिनिटांवर अवलंबून असते.

दुसरे जग होनोलुलूच्या मासळी लिलावाचे. हा लिलाव १९५२ मध्ये सुरू झाला, सध्या तो पिअर ३८ या धक्क्यावर भरतो. पहाटे साडेपाचला घंटा वाजते. बर्फावर मांडलेल्या रांगेतला एकेक मासा स्वतंत्रपणे विकला जातो. प्रत्येकाच्या शेपटीजवळ काप दिलेला असतो. खरेदीदार त्यातून मांसाचा रंग, पारदर्शकपणा, चरबी पाहतात, बोटांत चिमूटभर मांस चोळतात आणि पुढे सरकतात. एका माशावर काही सेकंद.

या लिलावात मासे येतात ते मुख्यतः लाँगलाइन बोटींवरून. या बोटी मासा गोठवत नाहीत, बर्फात ठेवतात. पण त्यांची एक फेरी अनेकदा दोन-तीन आठवड्यांची असते. म्हणजे फेरीच्या सुरुवातीला पकडलेला मासा लिलावात ‘ताजा’ म्हणून येतो तेव्हा त्याला मरून बरेच दिवस झालेले असतात, तरीही तो कच्चा खाण्याच्या दर्जाचा असू शकतो. ‘ताजा’ याचा तिथला व्यावहारिक अर्थ ‘कधीही न गोठवलेला’ एवढाच आहे. उलट, दोन तासांपूर्वी पकडलेला पण उन्हात डेकवर पडलेला मासा घड्याळाप्रमाणे ताजा आणि पोटासाठी धोक्याचा.

रीलमधल्या ‘पकडला आणि खाल्ला’ या थरारात आणखी एक गोम आहे. नुकताच मेलेला टूना चवीला तितकासा चांगला नसतो. मांस आकसून चिवट होते. स्नायूंतली ऊर्जेची रसायने हळूहळू मोडतात तेव्हा त्यातून ती खास मांसल, उमामी चव येते. म्हणून हवाईत अनेक जण मोठा अही एक-दोन दिवस बर्फात मुरू देऊन मगच कापतात.

जंतांचे काय? आणि ‘सुशी ग्रेड’ म्हणजे काय?

कच्च्या समुद्री माशांत ॲनिसाकिससारखे जंत असू शकतात. ते मारण्यासाठी एफडीएने गोठवण्याचे नियम ठरवले आहेत : उणे २० अंश किंवा त्याहून कमी तापमानाला सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांना गोठवून त्याच तापमानात १५ तास. गंमत म्हणजे टूनाच्या काही जातींना या नियमातून सूट आहे. यलोफिन, बिगआय, अल्बाकोर, ब्लूफिन त्या यादीत आहेत, कारण त्यांच्यात या जंतांचा धोका कमी मानला जातो. पण स्किपजॅक त्या यादीत नाही. ‘टूना तर न गोठवता कच्चा चालतो’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कोणता टूना, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

घरच्या फ्रिजचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांचा असतो. तो वरच्या नियमात बसत नाही. त्यात टूनाचा रंगही टिकत नाही. लाल मांस काही दिवसांत तपकिरी पडू लागते. म्हणूनच जपानी बाजारासाठीचा टूना उणे ६० अंशांच्या आसपास ठेवतात. शिवाय गोठवल्याने जंत मरतात, विषाणू मरत नाहीत. २०१७ मध्ये इंडोनेशियाहून हवाईत आलेल्या गोठवलेल्या अहीच्या तुकड्यांत हिपॅटायटिस ए चा विषाणू सापडला होता आणि तो माल ओआहू बेटावरच्या काही पोके विक्रेत्यांपर्यंत पोहोचला होता.

‘सुशी ग्रेड’ किंवा ‘साशिमी ग्रेड’ या शब्दांना अमेरिकेत कायदेशीर व्याख्या नाही. ते विक्रेत्याचे आश्वासन आहे, आणि विक्रेता जितका विश्वासू तितकेच ते खरे. रंगावरही भरवसा ठेवता येत नाही. काही गोठवलेल्या टूनावर कार्बन मोनॉक्साइड किंवा त्याचा अंश असलेल्या गाळलेल्या धुराची प्रक्रिया करतात. हा वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याला घट्ट चिकटतो आणि मासा जुना झाला तरी टरबुजासारखा गुलाबी-लाल दिसत राहतो. अमेरिकेत याला परवानगी आहे. युरोपीय संघ आणि जपानमध्ये नाही. ताटातला टूना सगळीकडून एकसारखा आणि जरा जास्तच सुंदर दिसत असेल, तर दोन प्रश्न विचारून घ्यावेत.

मग घरी पोके करायचा कसा?

मासा कुठून आला, कोणत्या जातीचा, कधी बर्फात गेला या तीन प्रश्नांची उत्तरे असतील तर पुढे वाचा. चौघांसाठी अर्धा किलो यलोफिन, पाठीकडचा भाग, कातडी आणि काटे काढलेला. गोठवलेला असेल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नाही. व्हॅक्यूम पॅक असेल तर वितळण्याआधीच ते फोडा. हवाबंद पाकिटात घातक जिवाणू वाढू शकतात, त्यामुळे ही पायरी गाळू नये.

कागदी रुमालाने मांस कोरडे टिपून घ्या. मध्ये गडद, जवळजवळ काळपट लाल पट्टी दिसेल; ती कापून बाजूला काढा. रक्ताचा उग्र वास तिच्यात असतो. (मांजर असेल तर ते एव्हाना पायाशी आले असेल.) आता मांसाचे धागे कोणत्या दिशेला आहेत ते पाहा आणि त्यांना आडवे कापा. पोके या शब्दाचा अर्थच तो. तुकडे दीड-दोन सेंटीमीटरचे, सुरी धारदार. बोथट सुरीने मांस चिरडते आणि पाणी सुटते. काचेचा वाडगा आधी फ्रिजमध्ये ठेवून गार करा, निम्मे काम तो करतो.

तुकड्यांवर पाव चमचा जाड मीठ, दोन मोठे चमचे सोया सॉस, एक लहान चमचा भाजलेल्या तिळाचे तेल. एवढेच. पातळ उभा चिरलेला अर्धा पांढरा कांदा, कांद्याची पात, हवी तर एक हिरवी मिरची बारीक. लिमू मिळाला नाही तर कोरियन किंवा जपानी दुकानातले वाळवलेले शेवाळ भिजवून घाला. इनामोनाच्या जागी खरपूस भाजलेल्या काजूचे जाडसर कूट चालते. हवाईबाहेरचे लोक मॅकाडेमिया वापरतात, पण कोकणातल्या माणसाने काजू सोडून तिकडे का जावे! हलक्या हाताने कालवा, दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा आणि खायला घ्या.

एक गैरसमज इथेच दूर करू. सोया सॉसमध्ये मुरवले म्हणजे मासा ‘शिजतो’ असे नाही. मीठ आणि सॉस चव देतात, जंतू मारत नाहीत. लिंबू पिळलात तर मांस पांढरे पडेल आणि घट्ट होईल. तो मग पोके राहत नाही, दक्षिण अमेरिकेतल्या सेविचेच्या वाटेला लागतो. आणि त्यानेही जंत मरण्याची हमी नसते.

भात थोडा चिकट हवा. हवाईत मध्यम दाण्याचा कॅलरोज वापरतात. आपल्याकडचा इंद्रायणी या कामाला फार छान आहे. भात कोमट झाल्यावरच त्यावर मासा घाला, वाफाळत्या भाताने तो गरम होतो. मात्र शिजवलेला भात चार-पाच तास ओट्यावर ठेवून ‘कोमट’ करू नका. भाताचेही स्वतःचे जिवाणू असतात.

आपल्या किनाऱ्यावरच्या कुप्याचा पोके होईल का?

कोकणात ज्याला कुपा किंवा गेदर म्हणतात ते टूनाच्याच कुळातले. अरबी समुद्रात यलोफिन आणि स्किपजॅकही आहेत. लक्षद्वीपमध्ये काठी आणि गळाने एकेक स्किपजॅक पकडण्याची पद्धत चालते आणि तो मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून ‘मास’ म्हणून टिकवतात. बर्फ मिळणे जिथे अवघड, तिथे लोकांनी काढलेली ती शहाणी वाट आहे.

पण भाऊच्या धक्क्यावर किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात सकाळी मिळालेला कुपा घरी आणून कच्चा खावा का? या लेखाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. प्रश्न आपल्या माशाच्या किंवा मच्छीमाराच्या दर्जाचा नाही. आपल्याकडे हा मासा शिजवून खाण्यासाठीच पकडला जातो, त्यामुळे त्याचे रक्त लगेच काढणे, आतडी काढणे, गाभा थंड करणे ही कामे कोणी करत नाही, कारण त्याचे पैसे कोणी देत नाही. मासा बोटीवर किती दिवस होता आणि बर्फात कधी गेला, हे विकणाऱ्या मावशींनाही माहीत असेलच असे नाही. शिवाय इथे सहज मिळणारा गेदर त्या सूट मिळालेल्या जातींपैकी नाही. कुप्याला उग्र वास येतो म्हणून अनेक घरांत त्याला नाक मुरडतात; त्या वासात माशाच्या जातीइतकाच न काढलेल्या रक्ताचाही वाटा असावा.

मग काय करायचे? कुपा शिजवून बाऊल करा. काळी पट्टी काढून जाड तुकड्या करा, मीठ, थोडे आले-लसूण लावा आणि तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी आतपर्यंत शिजवा. गार झाल्यावर तुकडे करून वरचेच सोया-तिळाचे मिश्रण, कांदा, काजूचे कूट आणि इंद्रायणी. याला पोके म्हणायचे की नाही यावर हवाईतले लोक वाद घालतील, पण चव खरेच चांगली लागते. फक्त हिस्टामिनचा नियम इथेही तोच. मासा घेताना पिशवीत बर्फ मागून घ्या, बाजारातून सरळ घरी या. तुकडा तोंडात टाकल्यावर मिरी चावल्यासारखी चुरचुर वाटली, तर पैसे गेले असे समजून तो टाकून द्या.

कोणी खाऊ नये?

गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वयोवृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा मासा टाळावा. दुसरा मुद्दा पाऱ्याचा. मोठा मासा लहान मासे खातो आणि त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो. एफडीएच्या तपासण्यांत बिगआयमध्ये सरासरी ०.६८९ पीपीएम, यलोफिनमध्ये ०.३५४ आणि स्किपजॅकमध्ये ०.१४४ पीपीएम पारा आढळला. म्हणून गर्भवती स्त्रिया आणि मुलांसाठीच्या अमेरिकी सल्ल्यात बिगआय पूर्ण वर्ज्य आहे. ‘अही’ या एकाच नावाखाली हे दोन मासे विकले जातात, हे लक्षात घेतले की दुकानात ‘कोणता अही?’ असे विचारणे का गरजेचे आहे ते कळते.

पोके उरला तर?

केलेला पोके त्याच दिवशी संपवावा. पूर्ण वेळ फ्रिजमध्येच राहिलेला थोडा उरलाच, तर हवाईतल्या घरांत दुसऱ्या दिवशी सकाळी तो कच्चा खात नाहीत. तवा चांगला तापवून त्यावर परततात, कडा खरपूस झाल्या की गरम भातावर घेतात आणि वर एक अंडे फोडतात.